सावजावाचून बार

१९५९ च्या शस्त्र कायद्याचं तेरावं कलम बंदुकीचा परवाना कुणाला आणि कशासाठी द्यायचा ते सांगतं. त्यात माणसाची गरज आणि तिला पुरेल असं हत्यार यांच्या जोड्या लावून दिल्या आहेत. संरक्षण किंवा खेळ म्हणाल, तर वीस इंचांपेक्षा आखूड नसलेल्या, गुळगुळीत नळीची बंदूक. निशाणावर सराव करायचाय आणि तुम्ही मान्यता असलेल्या रायफल क्लबचे सभासद आहात, तर पॉइंट टू टूची रायफल किंवा एअर रायफल. आणि पीक राखायचंय, तर ठासणीची बंदूक. तिच्यानं भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तरच त्या कामासाठी दुसरी. ठासणीच्या बंदुकीचं नाव या कलमात येतं ते एवढ्यापुरतंच, शेताच्या बांधावर. ती घेऊन कुणी निव्वळ हौसेनं कागदाच्या निशाणावर नेम धरील, ही शक्यता कलम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आलेली दिसत नाही.

या पुस्तकाचा विषय नेमका तो आहे. साधी, स्वस्तातली, तोंडाकडून भरायची बंदूक आणि ती आनंदासाठी चालवण्यातली विद्या. आपल्याकडे या बंदुकीची हौस पूर्वीपासून आहे, पण ती कायम दुसऱ्या कुठल्या तरी नावाखाली वावरत आली: कधी राखणीच्या, कधी पारधीच्या, कधी नुसत्या घरंदाजपणाच्या. माझं म्हणणं असं, की हौस आणि सावज यांची आता रीतसर फारकत करावी. सावज वजा केल्यावर जे उरतं तेच या बंदुकीचं खरं सुख आहे, आणि तेवढं उघडपणे, कायद्यात बसवून जपता येण्यासारखं आहे.

ज्यांनी ही बंदूक फक्त सिनेमात पाहिली त्यांच्यासाठी थोडं मुळापासून. काडतुसाची बंदूक मागून उघडते. गोळी, दारू आणि ठिणगी एकाच नळकांड्यात तयार मिळतात. ठासणीच्या बंदुकीला मागचा दरवाजाच नाही. नळीचं बूड कायमचं बंद. दारू, बोळा, गोळी असा सगळा ऐवज तोंडातून आत जातो आणि गजानं ठासून बसवावा लागतो. बुडाशी एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. तिथून आग आत शिरते. आग देण्याच्या तऱ्हा तीन. सगळ्यांत जुनी तोड्याची: सोऱ्यात भिजवलेली, धुमसत ठेवलेली वात कानावरच्या बारीक दारूला, म्हणजे रंजकीला, लावायची. दुसरी चकमकीची: गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडायची. तिसरी टोपीची: घोड्याच्या खाली तांब्याची इवलीशी टोपी, तिच्यात आघातानं पेटणारा मसाला. या तिसऱ्या तऱ्हेचं मूळ एका स्कॉटिश पाद्र्याच्या हौसेत आहे. अलेक्झांडर फोर्साइथ याला पाखरांच्या शिकारीचा नाद होता, आणि चकमकीचा भपका दिसला की गोळी पोचायच्या आत पाखरं उडून जात. त्यावर त्यानं शोधलेल्या युक्तीचं पेटंट १८०७ चं. आपल्याकडे खेड्यापाड्यांत परवान्यावर जी ठासणीची बंदूक दिसते ती बहुतेक याच टोपीच्या जातीची.

हे सगळं कर्जत तालुक्यातल्या कळंबात बसून का लिहायचं, असं कुणी विचारील. कर्जत-कशेळ्याकडून आणि नेरळकडून येणारे रस्ते इथे मिळतात आणि पुढे मुरबाडकडे जातात. कशेळ्यावरून आंबिवलीच्या वाटेला लागलं की कोथळीगडाचा सुळका समोर येतो, ज्याला लोक पेठचा किल्ला म्हणतात. संभाजीराजांच्या काळात हा गड म्हणजे शस्त्रांचा आणि दारूगोळ्याचा साठा होता. नोव्हेंबर १६८४ मध्ये औरंगजेबाचा सरदार अब्दुल कादिर यानं तो घेतला, आणि परत मिळवण्याच्या झटापटीत नारोजी त्रिंबक कामी आले. गड लहान, पण पोटात काय आहे यावरून त्याची किंमत ठरली होती. तिकडे खालापूर तालुक्यात उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये घाट उतरून कोकणात निघालेल्या कारतलबखानाच्या फौजेला शिवाजीमहाराजांनी त्या चिंचोळ्या वाटेत कोंडलं आणि दोन्ही अंगांच्या रानातून बाण, गोळ्या आणि दगड यांचा मारा केला. कोकणातले हेटकरी शिपाई नेमबाज म्हणून नावाजलेले. दक्षिणेला गोव्यात तर ही कला त्याहून जुनी. १५१० मध्ये गोवं घेतल्यावर पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कनं तिथले बंदूक घडवणारे कारागीर पाहिले, आणि १५१३ मध्ये आपल्या राजाला कळवलं, की इथले उस्ताद बोहेमियातल्या कारागिरांच्या तोडीची बंदूक करतात.

या इतिहासात आमच्या पावसाचाही वाटा आहे. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ओल ही तिची हाडवैरी. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त गडावरच्या दारूखान्याबद्दल जी ताकीद आहे ती वाचली, की लिहिणाऱ्यानं सह्याद्रीतला पावसाळा भोगलाय हे लक्षात येतं. दारूखाना वस्तीच्या घरांपासून वेगळा असावा, ओल लागू नये म्हणून बंदोबस्त असावा, आणि हवालदारानं आठा-पंधरा दिवसांनी स्वतः येऊन माल बाहेर काढून ऊन दाखवून पुन्हा शिक्कामोर्तब करून ठेवावा. तीनशे वर्षांनी या पुस्तकात दारू जपण्याबद्दल जे प्रकरण आहे त्यातला मतलब याहून फार निराळा नाही. पावसाळ्यात मोहिमा थांबत आणि दसऱ्याला पुन्हा निघत, त्याच्या कारणांत चिखल आणि नद्या जशा होत्या तशी ही ओलही होती.

आता नळीकडे येऊ, कारण सगळा पुढचा पेच नळीच्या आतल्या भागात आहे. गुळगुळीत नळीतून गोळी आपटत-थडकत बाहेर पडते आणि बाहेर पडल्यावर भरकटते. नळीच्या आत पिळाच्या खाचा पाडल्या, की गोळी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत जाते आणि वाट सोडत नाही. अशा खाचांच्या नळीची ती रायफल. बिनखाचांची ती नुसती बंदूक. रायफलही बराच काळ ठासणीचीच होती. १८५७ च्या वणव्याला ज्या काडतुसांनी ठिणगी दिली, ती १८५३ च्या बनावटीच्या एनफील्ड रायफलीची कागदी काडतुसं. दातांनी कागद फोडायचा, दारू तोंडाकडून ओतायची, गोळी गजानं ठासायची. म्हणजे आपल्या इतिहासातली सगळ्यांत गाजलेली बंदूक ठासणीचीच आहे.

त्या उठावानंतर इंग्रजांनी एक गोष्ट केली, तिची चर्चा फारशी होत नाही. हिंदी शिपायांच्या हातात ज्या नव्या एनफील्ड दिल्या त्यांच्या नळीतल्या खाचा काढून टाकल्या. बाहेरून तीच बंदूक, आतून गुळगुळीत. गोऱ्या सोल्जराची गोळी लांब आणि सरळ जावी, हिंदी शिपायाची जाऊ नये, एवढा साधा हिशेब. मग १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा आला आणि रयतेच्या घरातल्या बंदुकांवर परवान्याचा शिक्का बसला. गोऱ्यांना त्यातून सूट होती. त्यावर वर्ष उलटायच्या आत, १८७९ च्या फेब्रुवारीत, आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके बंड करून उठले. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसनं या कायद्याविरुद्ध ठराव केला. स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये नवा कायदा झाला. त्यात गोरा-काळा भेद उरला नाही, ही मोठी गोष्ट. पण सामान्य नागरिकाला गुळगुळीत नळी पुरे, ही जुनी समजूत तेवढी नव्या कलमात मुक्कामाला राहिली. खाचांची नळी मिळते ती क्लबच्या सभासदाला आणि तीही बारीक बोअरची. शेतकऱ्याच्या वाट्याला येते ती गुळगुळीत, ठासणीची.

शेतकऱ्यानं ती मनापासून सांभाळली. भात पोटरीत आलं की रानडुकरं रात्री उतरतात आणि एका रात्रीत खाचराची माती करतात. माळा बांधायचा, शेकोटी करायची, डबा बडवायचा आणि अधूनमधून नुसत्या दारूचा, गोळीशिवायचा एक बार काढायचा, ही राखणीची जुनी पद्धत. त्या बाराचा उपयोग बहुतेक वेळा आवाजापुरताच. पण या राखणीच्या आडून हौसही भागत असे आणि पारधही होत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्यावरची शिकारही बंद केली. आता पिकाची नासाडी करणारं जनावर मारायचं तरी त्याच कायद्याच्या अकराव्या कलमाखाली लेखी परवानगी लागते. महाराष्ट्र शासनानं २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी तिची रीत घालून दिली. आमच्या तालुक्याच्या पूर्व कडेला १९८५ पासून भीमाशंकर अभयारण्य आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला आपली बंदूक वनखात्याकडे नोंदवावी लागते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना वन्यजीव खात्याच्या संमतीवाचून मिळत नाही. हे सगळं योग्यच आहे. ज्या डोंगरात शेकरू राहते तिथे बंदूक घेऊन हिंडणाऱ्याची नोंद असलीच पाहिजे.

परवानाधारकाची ओढाताण आणखी एका वेळी दिसते. निवडणूक लागली, की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं जातं. २०१४ आणि २०१९ च्या विधानसभेचं मतदान ऑक्टोबरात झालं, म्हणजे भात तयार व्हायच्या दिवसांत. पिकासाठी दिलेली बंदूक पिकाच्या वेळी पोलीस ठाण्याच्या कपाटात. मग कुणी म्हणतं, कटकट नको, नूतनीकरणच करू नका. वडिलांचा परवाना मुलगा पुढे चालवत नाही, बंदूक सरकारजमा होते, आणि तिच्याबरोबर ती भरण्याची, जपण्याची, ऐकण्याची रीतही जाते. या बंदुकीबद्दल लिहिलेलं सापडतं ते दोनच ठिकाणी: युद्धांच्या इतिहासात, आणि विनापरवाना बंदूक पकडल्याच्या बातम्यांत. मधली जागा, जिथे माणूस आणि हत्यार रोज एकमेकांना ओळखतात, ती कोरीच राहिली.

ती ओळख कशी असते ते एकदा जवळून दाखवतो.

बंदूक हातात आली की पहिलं काम ती भरलेली आहे का ते बघायचं. डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी ऐकायचं. गज नळीत अलगद सोडायचा. बुडाच्या लोखंडावर 'टण्ण' असा स्वच्छ आवाज आला, तर नळी रिकामी. 'थप्प' असा बुजका आवाज आला, तर आत काहीतरी आहे. जाणते लोक गजावर खूण करून ठेवतात: रिकाम्या नळीत गज इथवर, भरलेल्या नळीत तिथवर. नळी रिकामी ठरली, की एक टोपी नुसतीच उडवून कानातलं तेल आणि ओल जाळून घ्यायची. मग दारू. ती शिंगातून किंवा डब्यातून सरळ नळीत कधीच ओतायची नाही. आधीच्या बाराची एखादी ठिणगी आत धुमसत असली तर आग उलटी हातातल्या साठ्यात शिरते. म्हणून मापानं मोजून, मापातूनच ओतायची. नळीला हलके दोन टिचके मारले की दाणे बुडाशी बसतात. त्यावर सुती कापडाची तेल-चरबी लावलेली चकती, चकतीवर शिशाची गोल गोळी. अंगठ्यानं दाबून तोंडात बसवायची आणि गज घेऊन एका लयीत खाली न्यायची. दारूवर गोळी टेकली की हाताला कळतं. तिथे थांबायचं. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. गज जोरानं आदळला तर दाणे चुरडतात आणि प्रत्येक बार वेगळा निघतो. ठासायचं म्हणजे ठोकायचं नाही, हे शिकायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

गज बाहेर काढून जागेवर ठेवायचा. घाईत तो नळीत विसरून बार काढणारे आणि गज भाल्यासारखा पाठवून देणारे लोक फक्त गोष्टीत नसतात. टोपी अगदी शेवटी, बंदूक निशाणाकडे रोखल्यावरच. घोडा पूर्ण मागे. नळीच्या टोकाची माशी निशाणावर. चाप दाबला की आधी टोपीचा 'टक्', आणि त्याच्या पाठोपाठ, पण किंचित मागून, बार. काडतुसाच्या बंदुकीसारखा खांद्याला सणका बसत नाही. भारदस्त माणसानं तळव्यानं मागे रेटावं तसा धक्का येतो. आणि मग धूर. पांढरा, दाट, गंधकाच्या वासाचा. जळलेल्या काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही, बारीक कणांच्या रूपानं राहतो. तोच हा धूर, आणि तोच नळीत बसलेला मळ. वारा पडलेला असला तर गोळी लागली की नाही हे बघायलाही वाट बघावी लागते.

टोपी उडाली आणि बार झाला नाही, तर खरी परीक्षा. बंदूक खाली करायची नाही, नळीत डोकावायचं नाही. रोख निशाणाकडेच ठेवून निदान मिनिटभर थांबायचं, कारण दारू उशिरानं पेट घेऊ शकते. चार-पाच बार झाले की मळानं नळी आवळते आणि गोळी खाली जायला कुरकुरते. ओल्या चिंधीनं पुसून घ्यायचं. घरी आल्यावर गरम पाण्यानं नळी धुवायची, कोरडी करायची, तेल द्यायचं. हा मळ हवेतली ओल ओढून घेतो. आमच्याकडच्या हवेत आळस केला तर सकाळी नळी तांबूस झालेली दिसते.

या सगळ्याला दीड-दोन मिनिटं लागतात आणि हातात येतो एक बार. लोकांना वाटतं हा या बंदुकीचा कमीपणा. खेळ म्हणून बघितलं तर इथेच तिची गोडी आहे, कारण काडतुसाच्या बंदुकीत कारखान्यानं करून दिलेलं काम इथे नेमबाजाला स्वतः करावं लागतं. दारू किती, चकती किती जाड, चरबी कसली, गज किती दाबला, दोन बारांत नळी पुसली की नाही, या प्रत्येक गोष्टीचा माग निशाणावर दिसतो. प्रत्येक नळीची खोड वेगळी. एकीला जरा कमी दारू मानवते, दुसरी जाड चकतीशिवाय गोळी धड सोडत नाही. म्हणून या छंदात वही लागते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बार काढायचे, लिहून ठेवायचं. चार पावसाळे पाहिलेली साधी बंदूकही अशा वहीच्या जोरावर महागड्या बंदुकीच्या पंक्तीला बसते. पैशानं विकत न मिळणारा हा भाग आहे, आणि स्वस्त बंदुकीबद्दल मला विशेष ममता आहे ती त्यामुळे.

जगानं हे कधीच ओळखलं. अमेरिकेत ठासणीच्या रायफलीची राष्ट्रीय संघटना १९३३ मध्ये स्थापन झाली. इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप या खेड्यात तिचे मेळे भरतात. ब्रिटनमधली संघटना १९५२ ची. इटलीत गार्दोने व्हाल त्रोम्पिया या बंदुकीच्या पेठेत पेदेर्सोली घराण्यानं १९५७ मध्ये कारखाना काढला आणि जुन्या बंदुकांच्या प्रतिकृती जगभर पोचवल्या. स्पेनमधल्या कारखान्यांनी त्याहून स्वस्त माल काढला, सुटे भाग पेटीत घालून, घरी कानस मारून जुळवण्यासाठी. आंतरराष्ट्रीय स्पर्धांची समिती १९७१ ची. तिचा नियम मला फार आवडतो: तीस मिनिटांत तेरा बार, त्यांतले चांगले दहा मोजायचे. म्हणजे घाईही नको आणि तीन चुका माफ. वीस-बावीस वर्षांची पोरं आणि सत्तरीतले आजोबा एकाच रांगेत उभे राहतात, कारण इथे दमापेक्षा शिस्त जिंकते.

या स्पर्धांच्या प्रकारांना जुनी नावं आहेत. त्यातलं एक तानेगाशिमा. १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडची तोड्याची बंदूक जपानच्या या बेटावर उतरली. आज त्या नावानं पन्नास मीटरांवर तोड्याच्या गुळगुळीत बंदुकीची नेमबाजी होते. पोर्तुगीज गोव्यात त्याआधी तेहेतीस वर्षं आले होते आणि इथले कारागीर त्यांना आल्याआल्या भावले होते. पण हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुकीच्या नावाची एकही स्पर्धा नाही. याहून मोठी गंमत पुढे आहे. अमेरिकेत आणि कॅनडात जुन्या लढाया उभ्या करणाऱ्या हौशी मंडळींच्या खांद्यावर ज्या स्वस्त चकमकीच्या बंदुका दिसतात, त्यांतल्या कितीतरी भारतात घडतात. कानाचं भोक न पाडता, म्हणजे निव्वळ शोभेची वस्तू म्हणून त्या बोटीत चढतात. तिकडे विक्रेता किंवा घेणारा ते भोक पाडून घेतो आणि बंदूक बोलू लागते. आपल्या कारागिराच्या हातची बंदूक परदेशात खेळणं होते आणि आपल्या घरात ती पिकाची राखण तरी करते, नाहीतर पंचनाम्यात तरी जाते.

नेमबाजीचं आपल्याला वावडं आहे म्हणावं, तर तसंही नाही. आमच्या जिल्ह्यात पनवेलला सुमा शिरूर यांनी उभी केलेली लक्ष्य शूटिंग क्लबची शाळा आहे. दहा मीटरांच्या एअर रायफलीवर तिथे मुलं घडतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवलं, ते पॉइंट टू टूवर. त्याच तेराव्या कलमातल्या, निशाणाच्या सरावासाठी म्हणून नाव घेतलेल्या हत्यारावर. शेजारच्या कर्नाटकात कोडगू जिल्ह्यात तर सणाच्या दिवशी झाडावर टांगलेल्या नारळावर नेम धरायची चाल आहे, आणि सगळा गाव बघायला जमतो. नारळ पडतो, कुणाचं रक्त सांडत नाही, आणि बंदूक घराण्याच्या मानाची म्हणून राहते.

विरोधात बोलणाऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. ठासणीच्या बंदुकीनं चोरटी शिकार होते, गावठी बनावटीच्या नळ्या फुटून हातपाय जातात, भांडणात ती बाहेर येते. म्हणूनच मोकळ्या रानातल्या बाराची या पुस्तकात वकिली केलेली नाही. मागणी वेगळी आणि लहान आहे. तेराव्या कलमात निशाणाच्या सरावासाठी जिथे दोन रायफलींची नावं आहेत, तिथे ठासणीच्या बंदुकीचं नाव तिसरं यावं. राज्यातल्या एखाद्या रेंजवर तिच्यासाठी पन्नास मीटरांची एक पट्टी राखावी. बंदुका तिथेच, कुलपात राहाव्यात. दारू परवान्याच्या दुकानातून मोजून यावी. चोरट्या शिकाऱ्याला असल्या रेंजचा काही उपयोग नाही. ज्याला नेमाची ओढ आहे आणि ती भागवायला रानाशिवाय दुसरी जागा नाही, त्याला मात्र आहे. हौसेला उजेडातली जागा दिली, की अंधारातली राखण सोपी होते.

पुस्तकाची मांडणी सरळ आहे. पहिल्या भागात बंदुकीचे अवयव आणि त्यांची आपल्याकडची नावं. दुसऱ्यात दारू, टोपी, गोळी यांची ओळख आणि त्या कशा जपायच्या ते. दारू करायची कृती मुद्दाम दिलेली नाही, कारण घरात दारू करणं गुन्हाही आहे आणि वेडेपणाही. तिसऱ्यात भरणं, नेम, सफाई, वही. चौथ्यात कायदा सोप्या भाषेत: २०१९ च्या दुरुस्तीनं परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाकडे दोनच बंदुका ठेवता येतात इथपासून, ते आजोबांची भिंतीवरची बंदूक नेमकी कोणत्या खात्यात मोडते इथपर्यंत. या शेवटच्या मुद्द्यावर फार गैरसमज आहेत. जुनी आहे म्हणून बंदूक कायद्याच्या बाहेर जात नाही. ती जुन्या घाटाची, पुराणवस्तू म्हणून मोलाची किंवा मोडकी असावी लागते, आणि शिवाय दुरुस्त करूनही बार काढू शकणार नाही अशी असावी लागते, तरच तिला सूट आहे. शंका असेल तर पोलीस ठाण्यात विचारावं. गुपचूप माळ्यावर ठेवू नये.

तीन गोष्टी मात्र प्रत्येक प्रकरणात पुन्हा पुन्हा येतील आणि वाचणाऱ्याला कंटाळा आला तरी मी त्या गाळणार नाही. ठासणीच्या बंदुकीत काळी दारूच चालते. काडतुसातली बिनधुराची दारू घातली तर नळी हातात फुटते. फटाक्यांची दारू ही बंदुकीची दारू नव्हे. आणि ज्या नळीचा इतिहास ठाऊक नाही ती जाणत्या, परवानाधारक कारागिरानं तपासल्याशिवाय भरायची नाही.

घरात परवान्याची ठासणीची बंदूक असेल, तर पहिल्या प्रकरणाकडे वळायच्या आधी ती खाली काढा. नळीचं तोंड माणसांपासून दूर ठेवा, कानावर टोपी नाही हे बघा, आणि गज आत सोडा. 'टण्ण' वाजलं तर वाचायला घ्या. 'थप्प' वाजलं तर पुस्तक मिटून ठेवा आणि आधी कारागिराला गाठा. कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी डुकरासाठी भरून ठेवलेला बार अजून आत असू शकतो.

कळंब, ता. कर्जत, जि. रायगड